नरक्या, यकृत आणि चौथी स्टेज

मागचे बरेच वीकांत काही लिहिणं झालं नाही. कारणही तसंच होतं. गेल्या वर्षी श्रावणात माझ्या मोठ्या काकांना मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला. सीटी स्कॅनमध्ये यकृतातही पाच गाठी दिसल्या, चार उजवीकडे आणि एक डावीकडे. ज्या डॉक्टरांनी रिपोर्ट पहिल्यांदा बघितला त्यांनी काकूंना बाहेर बसायला सांगितलं आणि मला म्हणाले, "चौथी स्टेज आहे. आता उगाच धावपळ करू नका. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला."

खरं सांगायचं तर मलाही तेच वाटलं होतं. स्टेज एक ते चार, चार म्हणजे शेवट. तरीपण मन मानेना म्हणून काकांना पुण्याला घेऊन आलो. इथल्या सर्जननी स्कॅन कॉम्प्युटरवर लावला, दहा मिनिटं माऊसचं चाक पुढे-मागे फिरवत बसले आणि मग त्यांच्या रेडिऑलॉजिस्टला फोन लावून एकच प्रश्न विचारला. "गाठी किती आहेत" हा प्रश्न नव्हताच. प्रश्न होता, "हे सगळं काढलं तर मागे किती यकृत उरेल?"

हा प्रश्न माझ्या डोक्यातून जाईना. दोन शहाणे डॉक्टर, एकच रिपोर्ट, आणि एक जण म्हणतो घरी न्या तर दुसरा बेरीज-वजाबाकी करतोय! सवयीप्रमाणे वाचायला घेतलं. वाचता वाचता कळलं की या एका प्रश्नापर्यंत पोचायला वैद्यकशास्त्राला शंभर वर्षं लागलीत. ती गोष्ट आज लिहितोय. (मी डॉक्टर नाही, हा सल्ला नाही, आपापल्या डॉक्टरांना विचारा. काकांना मात्र विचारूनच लिहितोय.)

आधी एक मूलभूत गोष्ट. आतड्याचा कॅन्सर यकृतातच का जातो? कारण आतड्यातून निघणारं रक्त थेट हृदयाकडे जात नाही. ते पोर्टल व्हेन नावाच्या मोठ्या शिरेतून आधी यकृतात जातं, तिथे गाळलं जातं आणि मग पुढे. पूर्वी शहरात शिरणारा प्रत्येक ट्रक जसा जकात नाक्यावर थांबायचा, तसं. आतड्यातल्या गाठीतून सुटलेल्या पेशीही याच रस्त्याने येतात आणि नाक्यावर अडकतात. आतड्याच्या कॅन्सरच्या साधारण चारातल्या एका पेशंटला कधी ना कधी यकृतात गाठी होतात. पण याचाच दुसरा अर्थ असा, की काही पेशंटमध्ये बराच काळ रोग फक्त नाक्यावरच असतो, शहरात शिरलेला नसतो. "पसरलाय" म्हणजे "सगळीकडे पसरलाय" असं प्रत्येक वेळी नसतं. पुढची सगळी गोष्ट या फटीतून आत शिरते.

पण यकृत कापायचं कोणी? हा अवयव म्हणजे रक्ताने भरलेला स्पंज. हृदयातून दर मिनिटाला निघणाऱ्या रक्तातलं जवळपास चौथा हिस्सा रक्त यातून जातं. टाका घातला तर लोण्यात घातल्यासारखा फाटतो. बर्लिनच्या कार्ल लांगेनबुखने १८८७ मध्ये ठरवून, पूर्वतयारीने यकृताचा तुकडा कापला आणि १८८८ मध्ये ते छापलं. त्या बाईंना नंतर रक्तस्राव झाला, पुन्हा पोट उघडावं लागलं, पण त्या जगल्या. १९०८ मध्ये ग्लासगोच्या जेम्स हॉगर्थ प्रिंगलने एक साधी युक्ती लिहिली: यकृतात जाणाऱ्या रक्तवाहिन्या ज्या जुडग्यातून आत शिरतात, ते जुडगंच बोटांच्या चिमटीत दाबून धरायचं. मुख्य कॉक बंद करून मग नळ दुरुस्त करायचा, इतकं साधं. त्याच्याकडे आलेले अपघाताचे पेशंट काही वाचले नाहीत, पण युक्ती वाचली. आजही ऑपरेशन थिएटरमध्ये "प्रिंगल लावा" असं म्हणतात.

आता रक्त थांबवता आलं, पण कापायचं कुठून? बाहेरून यकृताला डावा-उजवा भाग दिसतो, पण ती फसवी रेघ आहे. हे पहिल्यांदा नीट दाखवलं हाँगकाँगला काम केलेल्या जेम्स कँटली या स्कॉटिश डॉक्टरने, १८९७-९८ च्या सुमारास. खरी सीमारेषा पित्ताशयापासून मागच्या मोठ्या शिरेपर्यंत जाते, आणि दोन्ही बाजूंचा रक्तपुरवठा स्वतंत्र असतो. (हा कँटली म्हणजे सन यत-सेनचा शिक्षक. १८९६ मध्ये लंडनच्या चिनी वकिलातीने सन यत-सेनला डांबून ठेवलं होतं, तेव्हा आरडाओरडा करून त्याला सोडवणारा हाच. एका माणसाने यकृताची रेघ शोधावी आणि चीनच्या भावी अध्यक्षालाही वाचवावं, कमाल आहे.)

कँटलीच्या रेघेपुढचं काम दोन माणसांनी केलं आणि दोघांचीही चिकाटी बघून मला माझ्या कामाची लाज वाटली. एक हनोईचा तोन थात तुंग. १९३० च्या दशकात त्याने सुमारे २०० मृत यकृतं घेऊन त्यांतलं मांस खरवडून काढलं आणि आतल्या शिरांचं जाळं मोकळं करून त्यांची चित्रं काढली. दुसरा पॅरिसचा क्लोद कुइनो. त्याने शिरांमध्ये प्लॅस्टिक भरलं, भोवतालचं मांस आम्लात विरघळवून टाकलं, आणि हातात उरलं ते झाडासारखं दिसणारं जाळं. त्यावरून १९५७ मध्ये त्याने यकृताचे आठ भाग पाडले. प्रत्येकाला स्वतःची रक्ताची फांदी, स्वतःची पित्ताची नळी. म्हणजे एक भाग काढला तरी शेजारचा चालू राहतो. आमच्या भाषेत सांगायचं तर ज्याला सगळे एकच मोठा प्रोग्रॅम समजत होते, तो निघाला आठ वेगवेगळ्या मोड्यूल्सचा. काकांच्या रिपोर्टवर "सेगमेंट ६, ७" असं लिहिलंय ते आकडे कुइनोचे.

मधल्या काळात क्योतोच्या इचिओ होंजोने १९४९ मध्ये अख्खी उजवी बाजू यशस्वीपणे काढली होती. पण त्याने ते आधी जपानीत छापलं, आणि इंग्रजीत यायला १९५५ उजाडलं. तोवर १९५२ मध्ये पॅरिसच्या लॉर्ता-जाकोबचं ऑपरेशन छापून आलं आणि कित्येक वर्षं पहिलेपणाचा मान त्यालाच मिळत राहिला. मराठीत लिहिणाऱ्याने यावर जास्त काही बोलू नये. :)

कापता यायला लागलं, तरी कॅन्सर पसरलेला असताना यकृत कापावं का, हा वाद पुढे तीस वर्षं चालला. सत्तरच्या दशकात मोठ्या ऑपरेशनमध्ये साधारण पाचातला एक पेशंट ऑपरेशननेच दगावत होता. जो माणूस तसाही जाणार आहे त्याला कशाला फाडायचं, असं बहुतेकांना वाटे. मग आकडे यायला लागले. १९८८ मध्ये २४ रुग्णालयांनी मिळून ८५९ पेशंटची नोंद छापली: पाच वर्षांनी ३३ टक्के जिवंत. ऑपरेशन न केलेल्या तशाच पेशंटमध्ये पाच वर्षं गाठणारा अगदी विरळा असायचा. पण याच काळात नियमही कडक झाले. तीनपेक्षा जास्त गाठी असतील तर नको. कडेला एक सेंटिमीटर निरोगी भाग सुटत नसेल तर नको. बाहेर कुठे रोग असेल तर नको.

म्हणजे प्रश्न होता "काय काढायचंय". काकांच्या पाच गाठी या नियमाने सरळ नापास. त्या पहिल्या डॉक्टरांवर माझा राग होता, तो हे वाचल्यावर थोडा कमी झाला. ते चुकले, पण ते त्यांच्या कॉलेजातल्या पुस्तकाप्रमाणे चुकले असणार.

हा प्रश्न उलटा झाला तो औषधांमुळे. आणि इथे गोष्ट आपल्याकडे येते.

१९५७ मध्ये अमेरिकेत चार्ल्स हायडेलबर्गरने फ्लुओरोयुरॅसिल हे औषध आणलं. उंदरांच्या गाठी युरॅसिल नावाचा पदार्थ जास्त ओढून घेतात असं दिसलं होतं, म्हणून त्याने त्याच पदार्थाला फ्लोरीन चिकटवून बनावट माल तयार केला. पेशी तो खरा समजून खाते आणि अडकते. पुढची जवळजवळ चाळीस वर्षं आतड्याच्या कॅन्सरवर खरं औषध म्हणावं असं हे एकच होतं. त्यावर पेशंट साधारण वर्षभर काढायचा.

दुसरं औषध ऑक्सॅलिप्लॅटिन. नागोयाच्या योशिनोरी किदानीने १९७६ मध्ये ते बनवलं, फ्रान्समध्ये ते वाढलं आणि १९९६ मध्ये तिथे मान्यता मिळाली. काकांना आधी हेच दिलं. याची गंमत म्हणजे थंड वस्तूला हात लावला की झिणझिण्या येतात. काकू रोज सकाळी स्टीलचा पेला गरम पाण्याने धुऊन मग त्यात पाणी द्यायच्या.

चार डोस झाले, पण गाठी हव्या तेवढ्या आकसल्या नाहीत. मग औषध बदललं. नव्या बाटलीवर नाव होतं इरिनोटेकॅन. तीन तास सलाईनशेजारी बसायचं म्हणून मोबाईलवर याचा इतिहास शोधायला लागलो आणि पहिल्या पाच मिनिटांत खुर्चीत सरळ झालो. कारण समोर नाव आलं मनसुख वाणी, जन्म १९२५, नंदुरबार.

मुंबई विद्यापीठात शिकून वाणी अमेरिकेत गेले, पीएचडी केली आणि नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रँगल इन्स्टिट्यूटमध्ये मन्रो वॉल यांच्याबरोबर काम करायला लागले. वॉल यांनी पूर्वी सरकारी शेती खात्यात असताना कॉर्टिझोन बनवण्याचा कच्चा माल शोधायला हजारभर वनस्पतींचे अर्क काढले होते. ते अर्क कॅन्सरसाठीही तपासले गेले, आणि त्यात एका चिनी झाडाचा अर्क जोरदार निघाला. १९६६ मध्ये वॉल आणि वाणी यांनी त्यातला नेमका पदार्थ वेगळा केला: कॅम्प्टोथेसिन. (याच जोडीने पुढे १९७१ मध्ये टॅक्सॉलची रचना छापली. एकाच्या नावावर अशी दोन औषधं असणं म्हणजे काय, हे कॅन्सर वॉर्डात बसल्यावर कळतं.)

पण कॅम्प्टोथेसिन सरळ देता येईना. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला पेशंटवर प्रयोग झाले तेव्हा मूत्राशयातून रक्त, भयंकर जुलाब. फाईल बंद. १९८५ मध्ये कळलं की हा पदार्थ नेमकं करतो काय. डीएनए उलगडताना त्याला पीळ पडतो, जुन्या टेलिफोनच्या वायरला पडायचा तसा. पीळ सोडवायला पेशीतलं एक एन्झाइम एक धागा कापतं, फिरवतं आणि परत जोडतं. कॅम्प्टोथेसिन बरोबर कापलेल्या अवस्थेत तिथे जाऊन बसतं. जोडणी होतच नाही. मग जपानमध्ये त्यात बदल करून पाण्यात विरघळणारं आणि सोसवेल असं रूप तयार झालं, तेच इरिनोटेकॅन. १९९४ मध्ये जपानमध्ये आणि १९९६ मध्ये अमेरिकेत मान्यता. आणि ते बनवणारी कंपनी कोण, तर याकुल्ट! होय, तीच ती छोट्या बाटलीतल्या आंबट-गोड दुधाची.

अजून एक गोष्ट आहे. १९७२ मध्ये गोविंदाचारी आणि विश्वनाथन या आपल्या रसायनशास्त्रज्ञांना हाच पदार्थ सह्याद्रीतल्या एका झाडात सापडला, आणि चिनी झाडापेक्षा भरपूर. ते झाड म्हणजे आपलं नरक्या. उग्र वासामुळे हे नाव पडलंय. चीनमध्ये त्यांच्या झाडाला "सुखाचं झाड" म्हणतात आणि आपण आपल्या झाडाला नरकात घातलं!

आमचं गाव आजऱ्याच्या बाजूला. मी काकांना विचारलं, "काका, नरक्या माहितीये का?"

"न माहीत असायला काय झालं? वास मारतंय ते झाड. रातच्याला तोडून ट्रक भरून जायचे की! विचारलं तर म्हणायचे, औषधाला जातंय. आमाला वाटायचं, फेकतायत."

काका म्हणाले ते खरंच आहे. मागणी वाढली तशी सह्याद्रीत नरक्याची चोरटी तोड सुरू झाली, लाकडाचे तुकडे पोत्यांनी बाहेर गेले आणि आज हे झाड धोक्यात आलेल्यांच्या यादीत आहे. काकांच्या बाटलीतलं औषध चीनच्या झाडाचं की आपल्या डोंगरातलं, ते बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. पण काका सलाईनकडे बघून म्हणाले, "माझंच लाकूड फिरून माझ्याकडं आलं म्हण की." शेजारच्या खाटेवरचे आजोबासुद्धा हसले.

तर ही औषधं आल्यावर पॅरिसजवळच्या व्हिलजुईफमधल्या पॉल ब्रूस रुग्णालयात एक वेगळीच गोष्ट दिसली. ज्यांचं ऑपरेशन शक्य नाही असं सांगितलं होतं, त्यांच्यातल्या काहींच्या गाठी औषधाने इतक्या आकसल्या की ऑपरेशन शक्य झालं. आंरी बिस्मुथ, रने आदाम आणि सहकाऱ्यांनी १९९६ मध्ये लिहिलं: असे ३३० पेशंट, त्यांतल्या ५३ जणांचं ऑपरेशन झालं आणि त्यांच्यातले ४० टक्के पाच वर्षं जगले. २००४ मध्ये आकडा मोठा झाला: ११०४ पेशंट, त्यांतले १३८ ऑपरेशनपर्यंत पोचले, पाच वर्षांनी ३३ टक्के. म्हणजे "शक्य नाही" ही कायमची अवस्था नाही, आजची अवस्था आहे.

याच सुमारास प्रश्न उलटला. किती गाठी हे महत्त्वाचं नाही. उरेल ते यकृत पुरेसं आहे का, त्यात रक्त येतंय का, जातंय का, पित्त वाहतंय का? निरोगी यकृताचा पाचवा हिस्सा उरला तरी माणूस जगतो. बरीच केमो झालेली असेल तर ३० टक्के लागतात. आणि उरलेलं यकृत वाढतं. कापलेला भाग पालीच्या शेपटीसारखा परत उगवत नाही, उरलेला भागच काही आठवड्यांत फुगून मोठा होतो.

मग पुढची युक्ती अशी, की ऑपरेशनच्या आधीच वाढवून घ्यायचं. जपानमध्ये माकुउची वगैरेंनी १९८० च्या दशकात काढायच्या बाजूची पोर्टल शीर सुईतून आधीच बुजवायला सुरुवात केली. सगळं रक्त दुसऱ्या बाजूला वळतं आणि ती बाजू वाढायला लागते. काकांची डावी बाजू २२ टक्के होती. उजवी शीर बुजवून पाच आठवडे थांबलो. पुन्हा स्कॅन केला तर ३४ टक्के! रिझल्ट लागल्यासारखा मी तो आकडा घरी फोनवर ओरडून सांगितला. काकूंना टक्केवारी कळली नाही, माझा आवाज कळला.

आणखीही रस्ते आहेत, थोडक्यात सांगतो. २००७ मध्ये जर्मनीतल्या रेगेन्सबुर्गला हान्स श्लिट यांना ऑपरेशनच्या मध्यावर लक्षात आलं की उरणारं यकृत कमी पडणार. त्यांनी यकृत नुसतं दुभागलं, एका बाजूची शीर बांधली आणि पोट बंद केलं. आठवड्याभराने बघतात तर उरणारी बाजू प्रचंड वाढलेली. या पद्धतीचा २०१२ मध्ये आलेला पहिला अहवाल २५ पेशंटचा होता, आणि त्यात १२ टक्के दगावले. वेगाची किंमत असते. लहान गाठी सुईने जाळूनही टाकता येतात. तीन सेंटिमीटरपर्यंतच्या गाठींत जाळणं हे कापण्याच्या तोडीचं ठरतं असा नेदरलँड्समधल्या चाचणीचा निकाल २०२४ मध्ये आला. आणि शेवटचं म्हणजे यकृतच बदलणं. याच आदाम यांची ९४ पेशंटची चाचणी २०२४ मध्ये छापून आली: जिथे कापणं शक्यच नाही आणि रोग फक्त यकृतात आहे अशा निवडक लोकांत, केमोबरोबर यकृत बदललं तर पाच वर्षांनी शंभरातले ५७, नुसत्या केमोवर १३.

हे सगळं वाचून कोणालाही वाटेल की प्रश्न सुटला. तसं नाही. ऑपरेशन झालेल्यांपैकी निम्म्याहून जास्त लोकांत रोग परत येतो. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या कॅन्सर केंद्राने २००७ मध्ये पूर्ण दहा वर्षं मागोवा घेतलेले ६१२ पेशंट मोजले. दहा वर्षं गाठणारे १०२. सहातला एक. शिवाय हे आकडे ऑपरेशनसाठी निवडलेल्यांचे आहेत. बहुतेक पेशंट तिथवर पोचतच नाहीत. पण चौथ्या स्टेजच्या बाबतीत शून्य आणि सहात एक यात किती फरक आहे, हे त्या सहातल्या एकाच्या घरी विचारावं.

काकांचं ऑपरेशन फाल्गुनात झालं. सात तास. उजवी बाजू पूर्ण, डावीकडची गाठ वेगळी. अकराव्या दिवशी घरी. मागच्या महिन्यातल्या स्कॅनमध्ये फुफ्फुसात सहा मिलिमीटरचा एक ठिपका दिसलाय. डॉक्टर म्हणाले, काहीही असू शकतं, तीन महिन्यांनी परत बघू. मी विचारलं, "नाहीतर?" ते म्हणाले, "नाहीतर मग पुढचं बघू." पूर्वी असल्या उत्तराचा मला संताप आला असता. आता कळतं की गेली सव्वाशे वर्षं हेच चाललंय.

काका गावी आहेत. पाऊस लागायच्या आत बांधावर चार झाडं लावायची म्हणतात, आणि वन खात्याच्या रोपवाटिकेत नरक्याचं रोप मिळतं का ते मला विचारून ठेवायला सांगितलंय. सोमवारी फोन करतो.